एका चाकाची गाडी

मी एक जुनी एकचाकी सायकल आहे. हसलात ना, मित्रांनो? हसून घ्या, मला सवय आहे. मला हँडल नाही, ब्रेक नाही, पुढचं चाक नाही आणि मागचंही नाही. जे आहे ते एकच, आणि त्याच्या डोक्यावर बसायची गादी. पण हसून झालं असेल तर जरा खाली वाका आणि माझ्या चाकाच्या मधोमध बघा. दोन्ही बाजूंना एकेक पितळी बटण दिसेल. मला गिअर आहेत, मित्रांनो! चालता चालता एका बाजूचं बटण टाचेनं दाबलं की माझ्या पोटातली दातेरी चक्रं 'टक्' करतात आणि पेडलच्या एका फेरीत माझं चाक दीड फेरी मारतं. दुसऱ्या बाजूचं दाबलं की पुन्हा आपली सावकाश चाल.

ज्या कारागिरानं ती चक्रं जुळवली, तो काम करताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. त्यानं मला पहिल्यांदा हातानं फिरवलं तेव्हा तो स्वतःशीच हसला, आणि मला वाटलं, आता आपण रस्ता गाजवणार. प्रत्यक्षात मला सायकलच्या दुकानात छताच्या हुकाला टांगलं गेलं. येणारे-जाणारे मान वर करून विचारायचे, ही सर्कशीतली का? दुकानदार मान डोलवायचा. मला इतका राग यायचा! मला खेळ करून दाखवायचे नव्हते. मला कुणाला तरी रोज कामावर न्यायचं होतं आणि संध्याकाळी घरी आणायचं होतं. मला गाडी व्हायचं होतं.

मग एक दिवस ताई आली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि तयार झालेल्या कवळ्या दवाखान्यांत स्वतः पोचवायची. तिचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, खाली सायकल ठेवावी तर आज घंटी गायब, उद्या सीट. तिनं मला एका हातानं उचलून बघितलं, खांद्यावर टाकलं आणि दुकानात एक चक्कर मारली. "ही माझ्या टेबलाखाली मावेल," ती म्हणाली. मित्रांनो, तेव्हा मला झालेला आनंद मी आजही विसरलेली नाही.

घरी मात्र बाबा होते. ताईचे वडील. उभी हयात त्यांनी बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभे राहायचे आणि इमारतीतून जो कुणी वाहन घेऊन निघेल त्याला वरून सांगायचे, "गाडी सावकाश चालव." स्कूटरवाल्या शेजाऱ्याला सांगायचे, पाववाल्याला सांगायचे, एकदा तर त्यांनी रुग्णवाहिकेच्या चालकालाही सांगितलं होतं. मला बघून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "हे चाक आहे," ते म्हणाले. "याची बाकीची गाडी कुठाय?"

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की ताईनं महिनाभर माझ्यावरून कामावर जाऊन बघायचं. पण एकदा जरी रस्त्यात पडली, तर चाक परत दुकानात. दुकानात जाऊन विचारलं, तेव्हा परत घ्यायला दुकानदारानंही मान डोलवली. ताईनं बाबांना शब्द दिला, आणि त्या शब्दाला मी टांगलेली राहिले.

आधी आम्ही जिन्यापुढच्या बोळात भिंत धरून शिकलो. तिथलं पडणं धरायचं नाही असं ठरलं होतं, हे बरंच झालं. मग एका सकाळी आम्ही खरोखरच रस्त्यावर आलो. काय सांगू तुम्हाला! सिग्नलला खांब धरून थांबायचं, हिरवा दिवा लागला की सावकाश निघायचं, आणि नदीकाठचा सरळ रस्ता लागला की ताई टाच हलकेच आत वळवायची. टक्! वारा तिच्या कानात शिरायचा, पिशवीतल्या कवळ्या खुळखुळायच्या आणि पायी जाणारी माणसं मागं राहायची. लॅबमधले सगळे मला बघायला टेबलाखाली वाकले. ताई रोज संध्याकाळी माझी बटणं फडक्यानं पुसायची. एवढं कौतुक हुकावर कुठलं असायला!

रोज निघताना मी मात्र कान वर लावून असायची. गॅलरीतून बाबा म्हणायचे, "निघालीस का ते चाक घेऊन?" बस, एवढंच.

महिना संपत आला होता. माझ्या पेडलचे दांडे ताईच्या घोट्याला लागत होते. ते निळे-काळे घोटे बाबांना दिसले असणार. एक दिवस ते बाजारातून बुटांचा जोड घेऊन आले. लाल, घोट्यापर्यंत येणारे, चांगले गुबगुबीत. ताई हरखून गेली. दुसऱ्याच सकाळी ते घालून ती निघाली.

आणि नदीकाठच्या वळणावर आम्ही पडलो.

गिअर एकाएकी बदलला. पेडल जड झालं, ताई पुढं फेकली गेली आणि तिचे तळवे सोलवटले. पिशवीतला डबा उघडून एक कवळी रस्त्याच्या मधोमध जाऊन हसत बसली. ताईनं ती उचलली, मला उचललं आणि उरलेली वाट पायी काढली. तिला वाटलं, आपलीच टाच चुकून लागली. बाबांना काही कळलं नसतं, पण संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं. मग मला पुसलं, बटणांवरून बोट फिरवलं आणि ती आत निघून गेली. ती त्या दिवशी जेवली नाही. मला तर सारखा तो हुक दिसत होता.

सुट्टीच्या दिवशी बाबा मला घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टरनं विचारलं, हे काय? "मुलीचं चाक आहे. परत करायचंय," बाबा म्हणाले आणि मला गुडघ्यांत धरून बसले. पण जन्मभर स्टिअरिंग धरलेले हात ते, स्वस्थ कसे बसतील? त्यांनी माझं पेडल फिरवलं. मग त्यांना माझ्या बटणाच्या खाचेत अडकलेला लाल धागा दिसला. त्यांनी तो ओढून काढला, डोळ्यांजवळ धरला. अंगठ्यानं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा पेडल फिरवलं. दुकानाचा थांबा आला आणि गेला. पुढच्या थांब्यावर ते उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची बस पकडली.

माझा जीव भांड्यात पडला हो!

ताईनं दार उघडलं. बाबांनी तो धागा तिच्या तळहातावर ठेवला.

"तुझा पाय चुकला नव्हता," ते म्हणाले. "मी आणलेल्या बुटांची जाडी बटणाला घासत होती. गिअर आपोआप पडला."

मग त्यांनी चष्मा लावला, कात्री घेतली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर त्या नव्याकोऱ्या बुटांच्या चाकाकडच्या बाजूचा सगळा गुबगुबीतपणा कापून काढला. ताई बाजूला उभी राहून एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, आता माझी गादी फाटली आहे, बटणांची झळाळी गेली आहे, तरी मी रोज रस्त्यावर असते. माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या वस्तू पुसत जा आणि पुसताना नीट बघत जा. एखादी वस्तू अडखळली तर तिला लगेच हुकावर टांगू नका. काय अडकलंय ते आधी शोधा.

आणि हो, त्या सुट्टीनंतरच्या सोमवारची सकाळ सांगायची राहिली. कापलेले बूट घालून ताई माझ्यावर चढली, भिंत सोडली. गॅलरीत बाबा चहा घेऊन उभे होते. मी नेहमीसारखी कान वर लावून होते.

"गाडी सावकाश चालव गं," बाबा म्हणाले.