मल्हारीच्या व्हिशाची मुदतवाढ

मल्हारीचा व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला. पण तो वाढलाच नाही, असं धरून चालू.

आखातात शेळ्या राखणारा मल्हारी व्हिसा संपायला आठवडा उरला असताना तिकडंच वारला आणि पेटीतून राणीसावरगावात आला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या आईनं, केवळाबाईनं, त्याच्या घरच्या शेळ्या सांभाळायचा शब्द दिला. कावळ्यानं मान फिरवली.

"मामी, त्याला व्हिसा वाढवायचा व्हता," भाचा हरिओम म्हणाला. "लय घोर घेतला व्हता त्यानं."

"मग वाढवून देते की लेकरा, दोन वर्षं," केवळाबाईनं हात जोडले. "पर आता हितला."

कावळ्यानं अख्खा पिंड उचलला.

दुसऱ्या दिवशी शेळ्या आपसूक माळावर गेल्या आणि दिवस मावळायच्या आत, कुणी मागून हाकल्यासारख्या, रांगेनं परतल्या. मल्हारीच्या नावानं वाढलेल्या ताटातली भाकरी संपायला लागली.

"हळू बोला, जेवायलाय त्यो," केवळाबाई शेजारणींना दटावायची.

दोन वर्षं भरायला आठवडा उरला, तशी ताटात अर्धी भाकरी राहायला लागली. शेळ्या दारातून हलेनात. केवळाबाईनं हरिओमला कागद घेऊन बसवलं.

"कुणाच्या नावानं लिहू, मामी?"

"कावळ्याच्या. साहेब त्योच हाय."

हरिओमनं लिहिलं: "प्रति, मा. कावळेसाहेब. सदर इसम मयत असला तरी कामाला चोख आहे. तरी त्यास आईजवळ कायम वास्तव्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."