भाऊजींचा सोलो

माझे भाऊजी अकराव्या वर्षी प्रसिद्ध झाले आणि तिथेच थांबले. पुढे फक्त वय वाढलं, पोट वाढलं आणि गिटारचा पट्टा ढिला करावा लागला.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात कोणीतरी विसरून गेलेली गिटार या पोराने गळ्यात अडकवली, टीव्हीवरच्या एका स्पर्धेत उभा राहिला आणि 'उडव छप्पर' नावाचं गाणं केकाटला. गाण्याला शेंडा ना बुडखा. पण पोरगं गोड होतं, गालाला खळी पडायची आणि गिटार त्याच्या गुडघ्यापर्यंत यायची. लोकांना तेवढं पुरतं. त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, 'छोटं वादळ' असं नाव ठेवलं, आणि ती हवा जी डोक्यात गेली ती आजतागायत बाहेर पडलेली नाही. तेराव्या वर्षी आवाज फुटला. सोळाव्या वर्षी दुसरी कॅसेट आली आणि कोणाला पत्ता न लागता गेली. विशीत त्यांनी केस वाढवले, तिशीत ते गळाले, मग टोपी आली. पस्तिशीला मात्र नशीब पुन्हा फळफळलं. ज्या पोरांनी लहानपणी ते गाणं लावून गाद्यांवर उड्या मारल्या होत्या, ती मोठी होऊन ठिकठिकाणी साहेब झाली होती. त्यांना आपलं बालपण परत हवं होतं. ते दुसरीकडे कुठे मिळेना, म्हणून ते भाऊजींना बोलवायला लागले. पोस्टरवरून 'छोटं' गेलं आणि नुसतं 'वादळ' उरलं.

माझ्या ताईच्या खोलीत 'छोट्या वादळा'चं पोस्टर ती दहा वर्षांची असल्यापासून होतं. तिने पुढे त्या पोस्टरशीच लग्न केलं, आणि अजूनही ती त्याच्याचबरोबर राहते. खरे भाऊजी तिला दिसलेच नाहीत, हे तिचं सुख.

मी साउंडवाला. कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मधोमध जो माणूस मोठं टेबल मांडून बसतो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो मी. त्या टेबलावर प्रत्येक वाद्याची एक सरकती कळ असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की वाद्य लोकांना ऐकू येतं, खाली ओढली की येत नाही. एवढं ज्याला कळलं त्याला माझा धंदा कळला. लोकांना वाटतं, स्टेजवर जो घाम गाळतोय तोच आपल्याला ऐकू येतोय. वाटू दे.

बारा वर्षांपूर्वी ताईच्या सांगण्यावरून मी भाऊजींचा पहिला कार्यक्रम केला. गाण्याच्या मध्ये त्यांचा सोलो असतो, म्हणजे बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं आणि भाऊजींनी एकट्याने गिटार वाजवायची. बोटं एकीकडे, ताल दुसरीकडे, आणि भाऊजी डोळे मिटून तिसरीकडेच. सोळाव्या वर्षानंतर या माणसाने घरी गिटार हातात धरली असेल तर ती फक्त फोटोसाठी. मी मुकाट्याने फेडर खाली ओढला. पुढच्या कार्यक्रमापासून मागे काळ्या पडद्याआड एक चांगला वादक बसवला. भाऊजींना सांगितलं की आवाज भरीव व्हायला मागे एक गिटार हवी. "माझ्यावर चढता कामा नये," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या कानातल्या इयरफोनच्या बोंडांत मी त्यांचीच गिटार सोडायचो, दुसरं काही ऐकायची त्यांना हौसही नव्हती. स्वतःला ऐकत ते खूश आणि त्यांना न ऐकता लोक खूश, असा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला.

पडद्यामागचे वादक यायचे आणि कंटाळून जायचे. शेवटचा गेला तेव्हा भाऊजींची मुलगी सोळा वर्षांची होती. लहानपणी ताट, खिडकी, बापाचं टक्कल, जे दिसेल त्याच्यावर टिचक्या मारत बसायची म्हणून आम्ही तिला टिचकी म्हणतो. गिटार ती आपली आपणच शिकली, बापाकडून नाही, हे सांगायला नकोच. "मामा, मी बसते," ती म्हणाली आणि बसली. पडद्याला एक फट आहे. त्यातून ती बापाचा डावा हात बघते आणि त्या हाताला शोभेल असं वाजवते. बाप हात वर फेकतो, तेवढ्यात ही एक सूर लांबवते. बापाची बोटं अडखळली तर ही तिथे मुद्दाम अशी जागा घेते की ते अडखळणं बेत केल्यासारखं वाटावं. चार वर्षं तिने हे केलं. तिने वाजवलेलं ऐकताना मला माझ्या टेबलावर काही करावंच लागत नाही. आणि भाऊजी कार्यक्रमानंतर सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "शिकतेय हो अजून." माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या आठवड्यात तिला बोलावणं आलं. तिच्याच वयाच्या चार मुलींचा बँड आहे, स्वतःची गाणी करतात, आणि पुढचे सहा महिने गावोगाव फिरणार आहेत. त्यांची गिटारवाली सोडून गेली. त्यांनी टिचकीला एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, चल. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग.

शनिवारी दुपारी आमचा कार्यक्रम होता. एका मोठ्या कंपनीचा वाढदिवस, हिरवळीवर स्टेज, साहेब लोक बायकापोरांसकट. मी वायरी जोडत होतो आणि टिचकी सामानाच्या पेटीवर बसून गिटारच्या तारा बदलत होती.

"कळवलंस त्यांना?" मी विचारलं.

"नाही म्हणून कळवणार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मामा, मी गेले तर बाबा तोंडावर आपटेल. तुला माहितीये, मला माहितीये. त्यालाच माहीत नाही."

"दुसरा कोणीतरी आणू."

"दुसरा कोण त्याचा हात बघत वाजवणार? मागचे सगळे आपलं आपलं वाजवून जायचे. लोक हसायला लागले तर आईचं काय होईल? तिला सहन होणार आहे का?"

"मग काय जन्मभर पडद्यामागे बसणार आहेस?"

"बाबा थांबेपर्यंत."

"भाऊजी? अगं, ते थांबायचे नाहीत. ऐंशीव्या वर्षी कवळी लावून छप्पर उडवतील."

ती हसली. तेवढ्यात भाऊजी आले. टोपी, काळा चष्मा, भर उन्हात चामड्याचं जाकीट. मुलीच्या आयुष्याचा निकाल त्या पेटीवर लागत होता, आणि हे मला म्हणतात, "आज धूर जरा जास्त सोड. मागच्या वेळी माझी एन्ट्री उठून दिसलीच नाही." ही पोरगी याच्यासाठी नाही म्हणणार होती. त्याच क्षणी मी ठरवलं.

काय ठरवलं ते सरळ सांगतो. सोलोला टिचकीचा फेडर खाली ओढायचा आणि भाऊजींचा वर. बारा वर्षांनी लोकांना एकदाचं कळू दे हे वादळ काय लायकीचं आहे. लोक हसतील, चार शिट्ट्या उलट्या पडतील, भाऊजी घरी बसतील आणि पोरगी सुटेल. ताई रडेल. रडू दे. यात मला भाचीचं भलं दिसत होतं आणि थोडी मजाही येणार होती. बारा वर्षं ज्याची गिटार बंद करून ज्याच्या फुशारक्या ऐकल्या, त्याची फजिती बघायला कोणाला आवडणार नाही?

सोलो आला. बाकीची वाद्यं थांबली. भाऊजी एक पाय स्पीकरवर ठेवून उभे राहिले. मी दोन्ही फेडर हलवले.

त्या मोठमोठ्या स्पीकरमधून भाऊजींची खरी गिटार बाहेर पडली. काय सांगू! एक तार उतरलेली. एक सूर सापडायचा, दोन निसटायचे. मधेच एक खरखर. ताल तर त्यांनी घरीच ठेवला होता. शेजारचा लाइटवाला माझ्याकडे बघायला लागला. मी वाट बघत बसलो.

लोक उठून उभे राहिले.

मला वाटलं, निघाले. नाही. त्यांनी हात वर केले. पहिल्या रांगेतला एक टकल्या साहेब टाय सोडून डोक्याभोवती फिरवायला लागला. एक बाई डोळे पुसत शेजारणीला सांगत होती की अगदी तस्संच वाजवतो गं, अगदी तस्संच. भाऊजींनी एक सूर असा चुकवला की माझे दात आंबले, आणि त्या चुकीला हिरवळीवरून जी आरोळी उठली तशी टिचकीच्या वाजवण्याला चार वर्षांत उठली नव्हती. कान नावाची गोष्ट या लोकांना नुसती चष्मा अडकवायला दिलेली आहे.

पडद्यामागून माझ्या हेडफोनमध्ये बोलायला टिचकीकडे एक माइक असतो. त्यातून तिचा आवाज आला.

"मामा, मी बंद आहे?"

"हो."

"आणि बाबा चालू आहे?"

"हो."

फटीतून ती बापाचा हात बघत होती की लोकांना, ते मला दिसत नव्हतं. मी तिचा फेडर वर करायला बोट नेलं. पण वर करून उपयोग नव्हता, तिने वाजवायचं थांबवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही स्टेजमागच्या तंबूत होतो. भाऊजी टॉवेल गळ्यात टाकून खुर्चीत पसरले होते, ताई त्यांना वारा घालत होती, टिचकी गिटार पेटीत ठेवत होती. आयोजक फुलांचा गुच्छ घेऊन धावत आला. मागच्या वर्षीचा कार्यक्रमही त्यानेच ठेवला होता.

"साहेब, आज तुमची गिटार थेट काळजात घुसली," तो म्हणाला. "मागच्या वर्षी, राग मानू नका हं, जरा गुळगुळीत वाटली होती."

मागच्या वर्षी टिचकीने जे वाजवलं होतं ते ऐकून मी टेबलामागे बसल्या जागी रडलो होतो.

"मागच्या वर्षी माझा मूड नव्हता," भाऊजी म्हणाले.

ताईने मान डोलावली. टिचकीने पेटीच्या कड्या लावल्या आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो. गाडीपाशी उभी राहून ती फोनवर बोलत होती. "येतेय," ती म्हणाली. "हो, नक्की. उद्या सकाळी." तिने फोन खिशात टाकला. मला वाटलं, आता पोरगी गळ्यात पडेल. मनासारखं तर झालं होतं, माझ्याही आणि तिच्याही.

"बरं झालं," मी म्हणालो. "बघितलंस ना? उगाच जीव टाकत होतीस. त्यांना काही फरक पडत नाही."

"बघितलं ना."

"मग तोंड का पाडलंयस?"

"मामा, मला जायचंच होतं रे," ती म्हणाली. "मनातून मी कधीच गेले होते. फक्त माझ्यावाचून इथे काहीतरी अडेल, असं वाटत जायचं होतं."

मी म्हणालो, "माझं अडेल. मला तुझी गिटार रोज आठवेल."

"तुला?" ती म्हणाली. "मामा, तूच तर बंद केलीस."

आणि पेटी मांडीवर घेऊन ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.