नर्मदाकाकीची पाटी

"काकी, तू वाकडा चलतंस."

"मी नाय गो. रस्तोच वाकडो आसा."

नववीतली तन्वी खो खो हसली. तोंडवलीचा तो डांबरी रस्ता सुतासारखा सरळ होता आणि नर्मदाकाकी त्यावरून रिकाम्या होडीसारखी डुलत चालली होती. हसून झाल्यावर मात्र तन्वीनं मनाशी हिशोब मांडला. मागच्या रविवारी सहा किलोमीटरला काकीला दीड तास लागला होता. चालण्याचा सराव घेणाऱ्या देवेश सरांनी बजावलं होतं, "सव्वा तासात आलात तरच यादीत नाव, काकी. पुढे तारकर्लीपर्यंत जायचंय." उद्या शेवटची चाचणी होती.

गावच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन यावं म्हणून निधी गोळा करायला सगळे चालणार होते. काकीचा नवरा महादू त्यासाठी आठवड्यातून दोनदा गोव्याला जायचा. त्या हेलपाट्यांत दीड वर्ष गेलं, आणि मग महादूही.

"माका यादीत नाव होयां," काकी म्हणाली. "बाकी काय नको."

हीच काकी चाळीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाड्या पालथ्या घालायची. तेव्हा तिला गाठायला सायकल लागे.

"मगे पाटी कित्याक सोडलंस?"

"भरलेली पाटी उतरूक दुसऱ्याचो हात लागता, बाय. तुझो काका दारात उभो रवायचो. आता कोण आसा? डोक्यार वजन नाय, तर पायच जमनीक लागनत नाय."

तन्वी जागीच थांबली. मग काकीच्या पडवीकडे जी पळत सुटली!

सकाळी काकी हजर झाली ती डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि पाटीत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन.

"हे काय, काकी?" सर म्हणाले.

"तुमच्या गळ्यात शिटी, माझ्या डोक्यार पाटी. आपापला सामान."

शिट्टी वाजली आणि काकी निघाली. मान ताठ, कंबर सैल, पावलं अशी पडत होती की जणू रस्ताच तिच्या पायांखालून मागे सरकत होता. गावातली कबड्डी खेळणारी पोरंही मागे पडली. तन्वी तर धावत होती, तरी पाटी पुढे पुढेच.

तन्वी पोचली तेव्हा सर घड्याळाकडे बघत उभे होते. काकीला लागला होता एक तास चार मिनिटं. बाकीचे अजून बरेच मागे होते. सरांनी खुर्ची पुढे केली होती, पण काकी बसली नव्हती. दोन्ही हात पाटीला लावून, समोर बघत, ती तशीच उभी होती. कुणाला हाक मारली नव्हती.

तन्वीनं धापा टाकतच समोर जाऊन पाटीला हात लावला.

"सावकाश गो," काकी पुटपुटली. पाटी खाली आली.

सरांनी वही उघडून लिहिलं, नर्मदा तांडेल.

"पुरा लिवा, सर," पदरानं मान पुसत काकी म्हणाली. "नर्मदा महादू तांडेल."

सरांनी लिहिलं. काकीनं वाकून ते नाव नीट बघितलं, दोनदा बघितलं. मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि तन्वीकडे वळली.

"चल, लाव हात. घराक जाव या."