मास्तरांची चित्रं

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर तोंड चालू ठेवायचं, हा त्यांचा धंदा. "आरशात बघा, आरशात! मागून येणारा काय तुमचा मेव्हणा लागतो, थांबून वाट द्यायला?" असं बोलून बोलून त्यांनी निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. त्यांच्यामुळे त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. बाईंना सायकलसुद्धा येत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. पाय थोडाफार सावरला, उजवा हात मात्र लुळा पडला आणि बोलणं साफ गेलं. आवाज होता, पण शब्द नव्हते. काहीही सांगायला गेले की तोंडातून "ब... ब..." एवढंच यायचं. लिहिणंही त्याच्याबरोबर गेलं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना बरंचसं कळतं. पण मनातला शब्द ओठापर्यंत पोचत नाही. आणि एक लक्षात ठेवा, त्यांच्या मान हलवण्यावर विसंबू नका. मनात 'नाही' असलं तरी मान 'हो' अशी हलेल."

मग लेकीने आणि जावयाने मिळून तोडगा काढला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी चित्रं मांडली. चालू केला की नातीच्या फोटोवर ओळीने चित्रं दिसायची, पेला, उशी, कप, औषधाची बाटली, चप्पल. डाव्या हाताने माऊस सरकवून चित्रावर दोनदा टिचकी मारली की आवाज यायचा, "पाणी हवंय." "उशी नीट कर." आवाज जावयाचा होता. आधी लेकीचा घेतला होता, पण तो ऐकला की मास्तरांचे डोळे भरून यायचे, म्हणून जावयाने आपला दिला. मास्तरीणबाईंना सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. नवऱ्याने पाठ चोळायला सांगायची आणि तीही जावयाच्या तोंडून! हळूहळू ते अंगवळणी पडलं. पुढे पुढे तर त्या स्वयंपाकघरातूनच त्या आवाजाला उत्तर द्यायला लागल्या, "आले हो, चहा काय पळून जातोय का?"

त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखा कॉम्प्युटर चालू केला, मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि चहा टाकायला गेल्या. आधण ठेवलं, दूध काढलं, तरी पलीकडून काही आवाज नाही. नुसतं टक टक, टक टक. बाहेर येऊन बघतात तर पडदा कोरा. नातीचा फोटो नाही, चित्रं नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता निळा रंग. कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी उगवलं होतं, ते त्या चष्मा शोधून डोळ्यांवर चढवीपर्यंत मावळूनही गेलं. मास्तर त्या निळ्या रंगावर टिचक्या मारत होते. वर एक, जरा खाली एक, मग उजवीकडे.

"थांबा हो, असं नका करू. बंद करून परत लावते."

बंद केला, परत लावला. पुन्हा निळं.

एखाद्या दिवशी मास्तरांनी ते सोसलंही असतं. पण त्या दिवशी त्यांना काहीतरी सांगायचंच होतं. त्यांनी माऊस सोडून बाईंचं मनगट धरलं. कपाळाची शीर तटतटलेली, नजर बाईंच्या तोंडावर खिळलेली. "ब... ब... ब..."

"पाणी?" मान हो म्हणाली. पेला आणला, तो त्यांनी हाताने लोटून दिला. "बाथरूमला जायचंय?" मान हो. उठवायला गेल्या तर अंग ताठ केलं. "छातीत दुखतंय? डोकं? अहो, कुठे दुखतंय ते हात लावून तरी दाखवा." मान पुन्हा हो.  मास्तरीणबाईंनी रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं, पट्टा बांधला. आकडा रोजच्यासारखाच होता. मास्तरांनी पट्टा दातांनी ओढून काढला.

लेक परगावच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. तिचा फोन अशा वेळी कपाटात बंद असायचा. तरी बाईंनी लावला. जावई शाळेत शिकवायचा आणि त्या दिवशी परीक्षा होती. त्याचाही फोन नुसता वाजत राहिला. शेवटी निरोप ठेवा असं सांगणारा आवाज आला, तेव्हा बाईंना काय बोलावं ते सुचेना. "जावईबापू, मास्तरांची चित्रं गेली," एवढंच त्या म्हणाल्या. मग काहीतरी राहिल्यासारखं वाटून म्हणाल्या, "सगळी गेली." आणि फोन ठेवला.

मग त्यांना वाटलं, आपणच काढावीत चित्रं. विजेच्या बिलाच्या पाठीवर पेनाने पेला काढला. तो बादलीसारखा झाला. उशी काढली, ती विटेसारखी झाली. माणूस काढून त्याच्या गुडघ्यावर फुली मारली, तर मास्तर त्या माणसाकडे असे बघत राहिले, जणू हा कोण बाबा आता घरात आला. एरवी त्यांनी यावरून बायकोची अशी टर उडवली असती की शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. आता त्यांनी कागद मुठीत धरला, चुरगाळला आणि डोळे मिटले. चहा करपून गेला होता. त्याचा वास घरभर झाला तेव्हा कुठे बाईंना गॅसची आठवण झाली.

दुपारी, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत जावयाचा फोन आला. बाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, घाबरू नका. कॉम्प्युटर चालू आहे ना? आता रिकाम्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबा."

"सगळीच जागा रिकामी आहे हो."

"मग कुठेही दाबा. एक पाटी उघडेल. तिच्यात सगळ्यात वर व्ह्यू लिहिलंय, त्याच्यावर जा. तिथे सगळ्यात खाली शो डेस्कटॉप आयकॉन्स. त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे?"

बाईंनी नाक पडद्याला टेकवलं. "आहे."

"ती काढा. आता परत लावा. आली चित्रं?"

"नाही हो."

तो पुढे काहीतरी विचारत होता, पण बाईंचं लक्ष मास्तरांकडे गेलं. मास्तरांचे डोळे उघडले होते. ते टेबलावरच्या फोनकडे बघत होते. त्यातून तो आवाज येत होता, आपला आवाज, गेले कित्येक महिने आपलं सगळं म्हणणं ज्याच्यातून बाहेर पडायचं तो. त्यांनी डावा हात पुढे नेला आणि फोनच्या काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली. थांबले. परत मारली.

"आई? कसला आवाज येतोय?"

"अहो, ते..." बाई फोनवर वाकल्या. "ते तुमच्यावर टिचक्या मारतायत."

 पलीकडे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. मग जावई म्हणाला, "बाबा, मी एकेक म्हणतो. तुमचं आलं की मला थांबवा." आणि त्या गोंगाटात तो म्हणू लागला, जसं म्हणून ठेवलं होतं तसंच, सावकाश. "पाणी हवंय. चहा हवाय. पाठ चोळ. उशी नीट कर. औषध दे. थंडी वाजतेय. मला बाहेर ने. टीव्ही बंद कर. लेकीला फोन लाव."

प्रत्येक वाक्याला मास्तरांची मान हो म्हणत होती. बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. एखाद्या वाक्याला तरी चेहरा सैल पडेल, भुवई हलेल. चेहरा तसाच राहिला, वाट बघणारा. जावयाला आठवत होती तेवढी वाक्यं संपली. "अजून होती, पण आता आठवत नाहीत मला," तो म्हणाला. "आई, कोणत्या वाक्याला थांबले?"

"सगळ्यांना हो."

शाळेची घंटा झाली. "मला जावं लागेल," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की बाईंनाच त्याची कीव आली. "कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि तोवर त्यात काही करू नका." फोन बंद झाला. मास्तरांनी त्यावर आणखी एकदा टिचकी मारली, आणि मग हात मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

दुरुस्तीवाला ऊन उतरल्यावर आला. तोही मास्तरांचाच शागीर्द. चढावर गाडी बंद पाडायचा म्हणून मास्तरांनी त्याला इतकं फैलावर घेतलं होतं, की आज इतक्या वर्षांनीही तो चपला काढताना दबकत होता. मास्तर काही बोलले नाहीत याने तो जास्तच गोंधळला. "मास्तर! कसे आहात!" तो बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा ओरडला.

"त्यांना ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

त्याने बराच वेळ काय काय उघडून पाहिलं. मग खुर्ची वळवली. "बाई, चालू होताना मशीनला मास्तरांचं खातं उघडता आलं नाही. म्हणून त्याने त्यांना तात्पुरतं कोरं खातं दिलं, आल्यागेल्याला देतात तसं. सामान आहे आत कुठेतरी, फक्त दिसत नाही."

"का नाही उघडलं? काल रात्रीपर्यंत तर चाललं होतं."

"वीज गेली असेल, बंद होताना काही बिनसलं असेल. खरं सांगू? कळत नाही. होतं असं."

होतं असं. डॉक्टरीणबाईही झटक्याबद्दल हेच म्हणाल्या होत्या. बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

त्याने नवीन खातं उघडलं आणि जुन्यातलं सामान त्यात ओतलं. पडद्यावर एक चित्र आलं, मग दुसरं, मग भराभर सगळी. पेला, कप, उशी, चप्पल. बाईंनी हात जोडले. नातीचा फोटो तेवढा आला नाही, पण त्याचं कोणाला काय! "बघा हो, आली सगळी!" त्यांनी मास्तरांची खुर्ची फिरवून पडद्यासमोर आणली. दुरुस्तीवाला चहालाही न थांबता निघाला. दुकान उघडं टाकून आला होता.

मास्तरांनी माऊस धरला. जराही न शोधता बाण सरळ वरच्या कोपऱ्यात नेला आणि टिचकी मारली.

"अंघोळ नको," जावयाचा आवाज म्हणाला.

मास्तर दचकले. त्यांनी त्याच्याखाली टिचकी मारली. "उशी नीट कर." आणखी खाली. "औषध दे." मग त्यांचा हात पडद्यावर सैरावैरा धावायला लागला. "कंबर दुखतेय. चहा हवाय. झोप येतेय. टीव्ही बंद कर. अंघोळ नको. अंघोळ नको." एकच आवाज, शांत, सभ्य, स्वतःशीच भांडल्यासारखा. मास्तरांनी माऊस टेबलावर आपटला.

बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. चित्रं सगळी होती, पण मशीनने ती नावाप्रमाणे ओळीत लावली होती. आणि मास्तर चित्रं बघतच नव्हते. गिअर बघून टाकतं का कोणी? त्यांच्या हाताला जागा पाठ होत्या. पाणी कुठे, पाठ कुठे, लेक कुठे. त्या जागाच आता हलल्या होत्या.

"सांगा मला, कुठे होतं काय ते. मी लावते परत," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना आपलं म्हणणं ऐकू आलं. सांगा मला! त्यांना स्वतःला तरी कुठे माहीत होतं? इतके महिने त्यांनी तो आवाज फक्त ऐकला होता, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, हात कणकेत असताना. पडद्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

तरी त्या बसल्या. पेल्याचं चित्र धरून ओढलं, तर सोडल्याबरोबर ते टुणकन आपल्या ओळीत जाऊन बसलं. परत ओढलं, परत तेच. संध्याकाळी परीक्षेच्या कामातून सुटल्यावर जावयाने फोन करून ती आपोआप ओळीत बसायची खूण काढायला सांगितली, तेव्हा कुठे चित्रं ठेवल्या जागी राहायला लागली. मग बाईंनी मास्तरांचा डावा हात आपल्या हातावर घेतला. पेला उचलला आणि हळूहळू फिरवत राहिल्या, नाचणाऱ्या पोराला जागेवर बसवावं तसा. एका ठिकाणी मास्तरांचा हात जड झाला. तिथे सोडला. कपाचंही जमलं. चपलेला त्यांनी दोन वेगवेगळ्या जागी हात जड केला. उशीला केलाच नाही. दिवे लागेपर्यंत चार-पाच चित्रं जागेवर बसली असतील, बाकीची एका कडेला गोळा करून ठेवली. ती बसली तीही बरोबर बसली की मास्तर नुसते दमले होते, हे बाईंना सांगता आलं नसतं.

लेकीचा फोन आला. रविवारी येते म्हणाली, मग सगळं नीट लावू. "बाबा कसे आहेत?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "बरे आहेत." दुसरं काय सांगणार?

फोन ठेवून त्यांनी खुर्ची मास्तरांच्या अगदी जवळ ओढली. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी काय हवं होतं तुम्हाला?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळची ती निकड डोळ्यांत राहिली नव्हती. तरी त्यांनी माऊस धरला. बाण पेल्यावरून गेला, कपावरून गेला, कडेच्या ढिगाऱ्यात शिरला आणि तिथे बराच वेळ फिरत राहिला.  बाण थांबला. टक टक.

"खिडकी उघड."

बाई उठल्या. खिडकीची कडी जरा घट्ट बसली होती, ती दोन्ही हातांनी ओढून त्यांनी झडप उघडली. गार वारा आत आला, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आत आले. त्या वळल्या. "हेच ना हो? हेच सांगायचं होतं?"

मास्तरांनी मान हलवली. हो अशी.

 बाईंनी जाऊन दुसरीही खिडकी उघडली.