बर्निसची चव

आमच्या पबचं स्वयंपाकघर बर्निस डोलन सांभाळते. मी बाहेर ग्लास भरतो, ती आत रांधते. बफेलो शहराच्या दक्षिण भागातली माणसं बिअर प्यायला येतो म्हणतात, पण येतात ती तिच्या मीटलोफसाठी, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या लादीसाठी, आणि ग्रेव्हीत बुडालेल्या कुस्करलेल्या बटाट्यांसाठी.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. हाताच्या अंदाजानं रांधत राहिली. गिऱ्हाईकं अर्धं ताट टाकून उठायला लागली, तरी तोंडावर कुणी बोलेना. बोलला तो लेस्टर क्विग्ली. पूर्वी शहरबस चालवायचा. बायको गेल्यापासून दुपारी आमच्याकडेच जेवतो आणि जेवणाला नावं ठेवतो. त्या दिवशी ताट सरकवून मला म्हणाला, "बर्निसला सांग, समुद्र लांब आहे तोच बरा. ताटात आणू नकोस म्हणावं."

मी आत जाऊन सांगितलं. वाटलं, नेहमीसारखा ती त्याचा उद्धार करील. ती बटाट्याच्या पोत्यावर बसून रडायला लागली. सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, उद्यापासून दुसरी कुणी बघ.

मागे दारात लेस्टर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. टोपी काढून तो आत आला.

"माझी जीभ चालते," तो म्हणाला. "जरा जास्तच चालते म्हणतात लोक. वापर की."

बर्निसनं डोळे पुसले आणि चमचाभर ग्रेव्ही त्याच्यापुढे धरली.

"मीठ जास्त. मिरी कमी. आणि कांदा करपलाय."

"करपलेला नाही, तांबूस परतलाय."

"बाई, चव कुणाला येते, तुला का मला?"

तेव्हा ती हसली.

मग लेस्टर पब उघडायच्या आधीच यायला लागला. आतून दोघांची भांडणं ऐकू यायची. हळूहळू ताटं चाटूनपुसून परत यायला लागली.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी बर्निसला कॉफीचा वास आला. मग खारट कळलं, आंबट कळलं. ही बातमी तिनंच लेस्टरला दिली. त्यानं बरं झालं म्हटलं आणि टोपी उचलली.

"गोड मात्र अजून कळत नाही हं," ती घाईनं म्हणाली. "ॲपल पायचं काय करू?"

खरं की खोटं, मी विचारलं नाही. लेस्टरनं टोपी परत खुंटीला लावली आणि सफरचंदं सोलायला घेतली.