ज्वालाप्रसादचा धाकटा भाऊ

घुग्घुस या कोळसाखाणीच्या गावात सिनेमाच्या बाबतीत अखेरचा शब्द गुणवंतरावांचा चालतो, आणि तो का चालावा असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तसं पाहिलं तर त्यांचा सगळा अधिकार एकाच सिनेमावर उभा आहे, आणि तोही त्यांनी इंटरव्हलपर्यंतच पाहिला आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी ‘ज्वालाप्रसाद’ चंद्रपूरला लागला आणि सात दिवसांत उतरला. खाणीतल्या त्यांच्या पाळीतून तेवढ्यात तो गाठू शकले एकटे गुणवंतराव. रात्रपाळी करून, आंघोळ उरकून, नव्या नवरीला, म्हणजे इंदुताईंना घेऊन ते दुपारच्या खेळाला गेले. इंटरव्हलला ज्वालाप्रसादचा धाकटा भाऊ रेल्वेच्या पुलाला एका हातानं लोंबकळत होता. गुणवंतरावांनी समोसा खाल्ला, पंख्याखाली पाय ताणले, आणि डोळे उघडले तेव्हा इंदुताई त्यांचा खांदा हलवत होत्या. “चाला, संपला.”

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत सगळे डंपरवाले भोवती बसले. “मंग भाऊ, त्या लोंबकळणाऱ्याचं काय झालं?”

झोपलो होतो असं सांगणं डंपर चालवणाऱ्याला शोभत नाही. गुणवंतरावांनी पोळीचा तुकडा मोडला आणि धाकट्याचा हात सोडवला. तो खालून जाणाऱ्या मालगाडीत पडला. कोळसा चुरीचा, म्हणजे मऊ भुग्याचा होता म्हणून वाचला. त्याच कोळशात लपून तो व्हिलनच्या खाणीत पोचला. तिथे व्हिलननं सुरुंग पेरून ठेवले होते आणि मजुरांना सावध करणारा भोंगा न वाजवता बार उडवायचा त्याचा बेत होता. हा नीचपणा ऐकून डंपरवाल्या लहानूभाऊंनी जेवता जेवता डबा खाली ठेवला. शेवटी धाकट्यानं धावत जाऊन भोंगा वाजवला, मजूर वाचले, आणि व्हिलन मातीच्या ढिगाऱ्याखाली कायमचा गेला. डब्याच्या सुट्टीत हा सिनेमा अकरा दिवस चालला, म्हणजे थेटरापेक्षा चार दिवस जास्त. लोकांनी तो घरी नेला आणि बायकापोरांना सांगितला.

खरं काय ते ठाऊक असणार होतं एकट्या इंदुताईंना. पण त्यांनी नवऱ्याला चारचौघांत कधी टोकलं नाही. खरा शेवट विचारायचं गुणवंतरावांचं राहून गेलं, आधी लाजेपायी आणि पुढे सवयीपायी. मात्र त्या उपकाराची जाण ठेवून त्यांनी एकोणीस वर्षांत इंदुताईंच्या भाजीला एकदाही नाव ठेवलं नाही.

यंदा ‘ज्वालाप्रसाद-२’ आला. आठवडी सुट्टीला नऊ जणांच्या क्रूझरमध्ये इंदुताईंसकट चौदा जण बसले आणि चंद्रपूरला दुपारच्या खेळाला गेले. गुणवंतराव आदल्या रात्री आठ तास झोपून आले होते. इंटरव्हलला त्यांनी समोशाला हात लावला नाही. ते शेवटपर्यंत टक्क जागे राहिले, आणि घोटाळा तिथेच झाला.

पहिल्याच सीनमध्ये भिंतीवर धाकट्या भावाचा फोटो होता, हार घातलेला.

“हा मेला कवा?” लहानूभाऊंनी अख्ख्या थेटराला विचारलं.

दहा मिनिटांनी व्हिलन हेलिकॉप्टरमधून उतरला. सूट कडक इस्त्रीचा, अंगावर मातीचा कण नाही. इंटरव्हलनंतर तर हीरोनं स्वतःच भोंग्याबिगर बार उडवला. त्यानंतर चौदा जणांनी सिनेमा पाहिला नाही, नुसती खुलाशाची वाट पाहिली. खुलासा आला नाही.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये मतांना वाचा फुटली.

“हीरोले धावणं होत नाई आता. धावते हा, उडी मारते दुसराच.”

“ते सोडा. एवढा ढिगारा पडला होता त्या व्हिलनवर. काढला कोनं?” हे लहानूभाऊ. “आपल्या इथी असा दबलेला मानूस काढाले तीन मशिनी लागतेत.”

दिव्यानी खिडकीपाशी बसली होती. तिचे वडील याच पाळीत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी ती खाणीच्या हजेरी ऑफिसात लागली. “बाबा मले हाच शिनेमा सांगे,” ती म्हणाली. “भाऊ कोळशात पडला की मी म्हणो, बाबा, अजून एकडाव पाडा. रोज दोनदा पाडे ते. अन् या लोकायनं त्याले फोटोत बसवून टाकला.”

“थांबा,” तिनं फोन काढला. “पह्यला भाग आहे इथी पुरा. शेवटचा अर्धा तास लावते. पाहूच द्या सगळ्यायले.”

वाटेतल्या पडोलीच्या चौकात एरवी फोन लागत नाही. आज नेटवर्कच्या चारही दांड्या भरल्या होत्या. गुणवंतरावांना आपल्या अब्रूची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्या मालगाडीची वाटू लागली. दिव्यानीच्या बापानं पोरीसाठी रोज दोनदा हाकलेली ती गाडी आता तिच्याच हातातल्या फोनवर उलटणार होती.

“दिव्यानी बेटा,” त्यांनी घसा साफ केला, “त्याचं असं आहे का…”

“पाहतं कायले?” इंदुताई मधेच म्हणाल्या. “मी होती ना थेटरात. हे सांगतेत तसाच आहे तो.”

“काकू, भाऊ कोळशातच पडला ना?”

“चुरीच्या.”

दिव्यानीनं फोन पर्समध्ये ठेवला. लहानूभाऊंनी निकाल दिला, “म्हंजे या डायरेक्टरनं पह्यला भाग पाह्यलाच नाई.”

यावर एकमत झालं. दिव्यानीनं फोन पुन्हा काढून नेटवर सिनेमाला पाचपैकी एक तारा देऊन हेच वाक्य टाकलं आणि वाचून दाखवलं. सगळ्यांना ते आवडलं, म्हणून ज्यांच्याकडे फोन होते त्या प्रत्येकानं तेच टाकलं. गुणवंतरावांनाही टाकावं लागलं.

घरी जेवायला बसल्यावर ते हळूच म्हणाले, “आज तू लाज राखली माही.”

“कायची?”

“तेच. भाऊ कोळशात पडला म्हनली.”

“मंग, नाई पडला का?” इंदुताईंची पळी हवेतच थांबली.

“तुले मालूम नाई?”

“मले कसं मालूम राहीन? आठ दिवस माहेरी चामोर्शीले रोवणा करून आली होती मी, धानाची रोपं लावून चिखलात कंबर मोडली होती. समोसा खाल्ला, पंखा लागला अन् झोपली. झाडूवाल्यानं उठवलं तवा तुमाले उठवलं. मले वाटे, तुमी शेवटी शेवटी लवंडले असान. मीबी तं तुमच्याच तोंडून ऐकला शिनेमा.”

गुणवंतरावांनी पोळीचा तुकडा मोडला.

“मंग खरंच काय झालं हो त्या भावाचं?” इंदुताईंनी विचारलं आणि वांग्याची भाजी वाढली.

गुणवंतरावांनी घास घेतला. भाजीत मीठ जास्त होतं.