माझ्या गाण्याखाली 'पारंपरिक' लिहिले

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक तबकडी आहे. वय पन्नाशीच्या घरातले, अंगभर ओरखडे आणि मनात राग. जुन्या वस्तूने आपली कहाणी शांतपणे सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. माफ करा, ते मला आज जमणार नाही.

माझ्यात चार गाणी आहेत. ती चिमणाबाई गांगुर्डे यांनी रचली आणि गायली. तेव्हा त्या नाशिक रोडला राहत. नवरा पुंजाराम कारखान्यात कामाला होता. सुट्टीला तो ढोलकी वाजवी आणि त्या गात. जयंतीचा कार्यक्रम असो की कुणाचे लग्न, कामगारांच्या वसाहतीत त्यांच्यावाचून पान हलत नसे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण थोरली लेक पहिल्यांदा शाळेला निघाली, त्या सकाळी त्यांनी चुलीपुढे बसूनच गाणे जुळवले: 'पाटी घेऊन लेक निघाली, उन्हा जरा बाजूला हो.' ते सगळ्यांच्या तोंडी झाले. मग वसाहतीने वर्गणी काढून दोघांना मुंबईला गाणी भरायला पाठवले, आणि माझा जन्म झाला.

कॅसेटी आल्या तशी मी कपाटावर गेले. पुढे पुंजाराम वारला. चिमणाबाई देवळ्याकडे माहेरच्या गावी निघून गेल्या. मी या घरातून त्या घरात फिरत अखेर भद्रकालीत, सलाउद्दीनभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. पितळी नळांच्या ढिगाखाली किती वर्षे काढली, ते विचारू नका.

तिथून मला संजनाने बाहेर काढले. ही मुलगी एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम करते आणि दर रविवारी तबकड्या शोधत हिंडते. ज्या गाण्यांमागे मोठी कंपनी नाही, तीच तिला हवी असतात. घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणारी पोरे ती इंटरनेटवर हुडकून काढते, त्यांच्यावर पानेच्या पाने लिहिते आणि अनोळखी लोकांशी त्यावरून कडाकडा भांडते. तिने मला मऊ कापडाने पुसले, सुई टेकवली आणि पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा लावून ऐकली. त्याच आठवड्यात तिने माझे ते पाटीचे गाणे इंटरनेटवर टाकले. सोबत माझा फोटो, चिमणाबाईंचे पूर्ण नाव आणि एक विनंती: 'या बाई कुठे असतात, कुणाला ठाऊक असेल तर कळवा.'

कळवले कुणीच नाही. कुंदन नावाच्या एका डीजेने मात्र ते गाणे उचलले. खाली धडधडणारा ठेका घातला आणि चिमणाबाईंचा आवाज चिरका होईपर्यंत वेगात पळवला. बघता बघता वरातींत माझ्या गाण्यावर लोक नाचू लागले. मला नाचण्याचा राग नाही. गाणे नाचण्यासाठीही असते. पण त्याखाली नाव होते कुंदनचे, आणि पुढे एकच शब्द: 'पारंपरिक'.

संजनाने त्याला फोन लावला.

"ताई, फोक आहे ते," तो म्हणाला. "अशा गाण्यांना मालक नसतो."

"मालक नसेल, पण बाई आहे. तिचं नाव आहे. मी तिथंच लिहिलं होतं, तुम्ही वाचलंत."

"अहो, मी जिवंत केलं ते गाणं! नाहीतर कोण ऐकत होतं?"

आणि दोनच दिवसांत संजनाने टाकलेले मूळ गाणे इंटरनेटवरून गायब झाले. कारण काय, तर कुंदनने गाणे स्वतःच्या नावावर नोंदवले होते आणि आमचे त्याच्याशी जुळते! चोराने घरात घुसावे आणि घरमालकालाच बाहेर काढावे, तसे झाले. मला हात असते तर मी स्वतःला भिंतीवर आपटले असते.

त्याच सुमारास संजनाला एक निरोप आला. राखी नावाच्या मुलीने लिहिले होते, 'वरातीत वाजतंय तो माझ्या आजीचा आवाज आहे. तुमची विनंती मला कुणीतरी आत्ता पाठवली. तुम्ही टाकलेलं गाणं शोधलं, पण ते दिसत नाही.' संजनाने मला कापडात गुंडाळले आणि सकाळची एसटी धरली.

चिमणाबाई ओसरीत कांदे निवडत बसल्या होत्या. राखीने त्यांना मोबाइलवर कुंदनचे गाणे ऐकवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

"खाली काय लिव्हलंय?"

"पारंपरिक," राखी म्हणाली.

"ती कोन बाई?"

"बाई नाही गं आजी. म्हणजे, कुणी केलं ते माहीत नाही."

चिमणाबाईंच्या हातातला कांदा टोपलीत आदळला. "म्हाईत नाय? इचारायला आलता का कुनी? मी काय मेले व्हते?"

संजनाने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी माझ्यावरून बोटे फिरवली. मग त्या राखीला म्हणाल्या, "धर तो मोबाइल. मी बोलते."

त्यांनी आधी नाव सांगितले, मग गाव, मग कोणत्या लेकीसाठी गाणे केले ते. मग गायल्या. आवाज फाटलेला, पण ताल जागचा हलला नाही.

तो व्हिडिओ पसरला. लोकांनी कुंदनला धारेवर धरले. दोन आठवड्यांनी संजनाने टाकलेले मूळ गाणे परत आले. मग कुंदनचा फोन आला: आजींना घेऊन नाशिकला मोठा कार्यक्रम करू, स्टेजवर सत्कार करू.

"सत्कार ऱ्हाऊ दे," चिमणाबाई म्हणाल्या. "पयले ते लिव्हलेलं खोड."

त्याने खोडले आणि त्यांचे पूर्ण नाव घातले. माफी मात्र मागितली नाही. हजारो लोकांच्या मोबाइलवर अजून 'पारंपरिक'च फिरते आहे, म्हणून माझाही राग उतरलेला नाही. मित्रांनो, मला धुळीत टाका, ते मी सोसले आहे. पण गाणे आवडले तर ते कुणाचे, एवढे विचारा. सापडले नाही तर शोधा. गाणारी कदाचित कुठल्या तरी ओसरीत कांदे निवडत बसली असेल.

नाव बदलल्याचे राखीने वाचून दाखवले, तेव्हा चिमणाबाई हसल्या नाहीत. पदर खोचून त्या म्हणाल्या, "वही आन. बाकीची गानी अजून माझ्या डोक्यातच हायेत. अन् ऐक, आधी नाव लिव्ह, मग गानं."